रानडुक्कर धडकलं, गाडी तशीच चालवत आणली: विम्याचे किती पैसे मिळतील?

प्रश्न: मी पाटणला राहतो. नोकरीमुळे रोज कोयनानगरला ये-जा असते. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास परतताना रानडुक्कर आडवं आलं. ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. डुक्कर उठून झाडीत गेलं. बंपर फुटला होता, खालून थोडं पाणी ठिबकत होतं, पण गाडी चालू झाली म्हणून तशीच आणली. पाटण जवळ आल्यावर इंजिन गरम होऊन बंद पडलं. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसीच्या आतली, पावणेचार वर्षं जुनी. फुल इन्शुरन्स आहे, झीरो डेप (भागांचा घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही. एजंट म्हणाला, जनावराची धडक ही नैसर्गिक आपत्ती, तिचा क्लेम बसत नाही. मित्र म्हणाले, कळवलंस तर वनखातं शिकारीची केस घालेल. या गोंधळात पाच दिवस गेले आणि मग कंपनीला कळवलं. गॅरेजचं एस्टिमेट पुढच्या भागाचं ६८ हजार आणि इंजिनचं ४२ हजार. सर्व्हेअर म्हणतो, इंजिनचं काही मिळणार नाही. नक्की किती मिळेल? आता काय करू?

उत्तर: आधी आकडा. पुढच्या भागाच्या ६८ हजारांपैकी साधारण ४७ हजार तुम्हाला मिळायला हवेत. इंजिनच्या ४२ हजारांबाबत सर्व्हेअरचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे, पण पूर्ण नाही. एजंटचं म्हणणं मात्र साफ चूक आहे.

तुमच्या पॉलिसीत दोन भाग आहेत. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तो भाग सक्तीचा आहे, आणि त्यातून स्वतःच्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. दुसरा भाग ओन डॅमेजचा, ज्याला गॅरेजमध्ये ओडी म्हणतात. त्यात आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड यांच्याबरोबर ‘बाहेरच्या कारणाने झालेला अपघात’ असं एक कलम असतं. डुक्कर, गवा, भेकर, मोकाट कुत्रं, कशाचीही धडक या कलमात बसते. जनावर चुकवताना गाडी झाडावर किंवा कठड्यावर गेली तरी तोही अपघातच. आणि घटकाभर ही नैसर्गिक आपत्ती मानली, तरी पूर आणि दरडही याच पॉलिसीत आहेत. त्यामुळे एजंटचा मुद्दा कुठूनच टिकत नाही. त्याला पॉलिसीतलं ते वाक्य दाखवायला सांगा.

‘फुल इन्शुरन्स आहे’ हे मात्र कागदावर एकदा तपासा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओडी मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते, मालक निर्धास्त राहतो, आणि ओडी दुसऱ्याच वर्षी संपलेला असतो. अपघात झाल्यावर ते कळतं आणि तेव्हा काही करता येत नाही. तुमची गाडी चौथ्या वर्षात आहे, म्हणजे तुमची पॉलिसी बहुधा दोन्ही भाग एकत्र असलेली असेल. तरीही ‘ओन डॅमेज’समोरची मुदत आणि अपघाताची तारीख जुळवून पाहा.

आता ४७ हजार कसे, ते पाहू. झीरो डेप नसलेल्या पॉलिसीत प्रत्येक सुट्या भागाची घसारा वजावट ठरलेली असते. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर-ट्यूब आणि एअरबॅग यांचे ५० टक्के कापतात. फायबरग्लासचे ३० टक्के, काचेचे काहीच नाही. धातूच्या भागांची वजावट गाडीच्या वयावर असते: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. वय अपघाताच्या दिवशीचं धरतात, दुरुस्तीच्या दिवशीचं नाही. म्हणून दुरुस्ती लांबून गाडीची चार वर्षं उलटली, तरी तुम्हाला २५ टक्क्यांचाच दर लागतो.

तुमच्यासारख्या धडकेचं ६८ हजारांचं एस्टिमेट, करासकट, साधारण असं असतं. बंपर ६,०००, ग्रिल २,०००, एक हेडलाइट ७,००० आणि फॅनचं कव्हर ३,०००, म्हणजे प्लास्टिकचे १८,०००. त्यातले ९,००० मिळतात. हेडलाइट काचेसारखी दिसते, पण आजकाल ती प्लास्टिकचीच असते, म्हणून निम्मी जाते. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. बॉनेट ९,०००, रेडिएटर ६,०००, एसीचा कंडेन्सर ७,००० आणि पुढची आडवी पट्टी ४,०००, म्हणजे धातूचे २६,०००. २५ टक्के कापून १९,५००. मजुरी ९,००० पूर्ण मिळते. पेंटिंग १२,०००, त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ३,०००, रंगाच्या मालाचा धरून त्याचे निम्मे कापतात, म्हणून १०,५०० मिळतात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), एसीचा गॅस, क्लिपा, ऑइल असे ३,००० उरतात, ते साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. बेरीज ४८,०००. त्यातून सक्तीची वजावट, ज्याला गॅरेजवाले फाइल चार्ज म्हणतात, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. हाती ४७,०००, तुमच्या खिशातून २१,०००. तुमच्या एस्टिमेटमध्ये प्लास्टिक जास्त असेल तर हा आकडा खाली येईल, म्हणून एस्टिमेट भागवार लिहून घ्या. ‘फ्रंट काम ६८,०००’ अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊन कुठेच भांडता येत नाही.

क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो, हे धरूनच विचार करायला हवा. सलग चौथं वर्ष क्लेमशिवाय गेलं असतं तर तुम्हाला पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के सूट मिळाली असती आणि नंतर दरवर्षी ५० टक्के. आता ती ०, २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढेल. बोनस वजा करण्याआधीचा ओडी प्रीमियम वर्षाला ६,००० धरला, तर पाच वर्षांत मिळून ७,२०० रुपयांचा तोटा होतो. ४७ हजारांपुढे ही रक्कम लहान आहे, त्यामुळे क्लेम जरूर घ्या. फक्त बंपर फुटला असता आणि वजावटी जाऊन सहा-साडेसहा हजारच हाती येणार असते, तर मात्र ते काम स्वतःच्या खर्चानं केलेलं परवडतं.

आता इंजिन. रानडुक्कर बुटकं आणि घट्ट अंगाचं असतं, धडक बंपरच्या खालच्या भागात बसते. बंपरमागे लगेच एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर. तुम्ही पाहिलेलं ‘थोडं पाणी’ म्हणजे बहुधा कूलंट. ते निघून गेलं की इंजिनची उष्णता बाहेर जायचा रस्ताच राहत नाही. त्यात एक फसवी गोष्ट अशी, की तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असायला लागतो. कूलंट संपलं की तो उघडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी कधी कधी आहे तिथेच राहतो. चालकाला वाटतं सगळं ठीक आहे. तोवर इंजिनचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, वाकतं, हेड गॅस्केट जळतं आणि बिल ४० हजारांच्या पुढे जातं.

विमा कंपनीकडे याचं उत्तर पॉलिसीतच छापलेलं असतं. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेलं किंवा नवं झालेलं नुकसान पूर्णपणे विमाधारकाच्या जोखमीवर, अशी अट असते. सर्व्हेअर त्याच अटीवर बोट ठेवतो आहे, आणि हेड-गॅस्केटच्या कामापुरतं त्याला खोडून काढणं अवघड आहे. ते पैसे मिळतील अशी आशा धरून बसू नका.

पण ४२ हजारांचं सगळं बिल उष्णतेचं आहे का, हे उघडून पाहिल्याशिवाय ठरत नाही. खालच्या धडकेत इंजिन माउंट तुटतो, इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला तडा जातो, पुली वाकते, वॉटर पंपाचं तोंड फुटतं. गॅरेज हे सगळं ‘इंजिन’ या एकाच मथळ्याखाली लिहितं आणि सर्व्हेअर तो मथळाच नाकारतो. मेकॅनिकला दोन वेगळ्या याद्या करायला सांगा: धडकेनं तुटलेलं आणि उष्णतेनं गेलेलं. पहिल्या यादीतली प्रत्येक वस्तू क्लेममध्ये बसते. इंजिन खोलायच्या दिवशी सर्व्हेअरला बोलवा, नाहीतर त्याच्या लेखी परवानगीनं खोला आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. काढलेले जुने भाग बिल मंजूर होईपर्यंत गॅरेजमध्येच ठेवा, भंगारात देऊ नका. फेरतपासणीला ते मागतात.

पाच दिवसांच्या उशिरानं घाबरायचं कारण नाही. पॉलिसीत ‘ताबडतोब कळवा’ असतं हे खरं, पण केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामकानं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे. कारण खरं लिहा: एजंटनं क्लेम होत नाही असं सांगितलं होतं. तारीख बदलून ‘कालच झालं’ असं मात्र चुकूनही लिहू नका. मोबाइलमधल्या फोटोंवर वेळ असते, आणि एक खोटी तारीख सापडली की ४७ हजारांचाही भरवसा राहत नाही.

वनखात्याची भीती मित्रांनी उगाच घातली. गाडीपुढे अचानक आलेल्या जनावराला धडक बसणं आणि शिकार करणं यांत फरक आहे. अडचणीत येतो तो न कळवता निघून जाणारा, कारण मग ‘अज्ञात वाहन’ म्हणून शोध सुरू होतो. आणि अडचणीत येतो तो मेलेलं डुक्कर डिकीत टाकणारा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. चुकून मारला गेला असला तरी. मांस नेणं हा गुन्हाच. रस्त्यात थांबलेले चार जण ‘आम्ही नेतो’ म्हणाले तरी तुम्ही त्यात पडू नका, तुमच्या गाडीचा नंबर त्यांच्या फोटोत येतो. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तुमच्या रोजच्या रस्त्याला लागून आहे. तिथे जखमी जनावराची खबर वनरक्षकाला मिळणं त्या जनावरासाठीही गरजेचं असतं. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. तुमच्या बाबतीत उशीर झाला असला तरी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात तारीख, वेळ, ठिकाण आणि गाडी नंबर लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ती प्रत विमा कंपनीला दिली की धडक जनावराचीच होती याला आधार मिळतो. वनखात्याची नुकसानभरपाई माणूस, पाळीव जनावरं आणि पीक यांच्यासाठी असते; गाडीच्या दुरुस्तीसाठी तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

पोलिसांत एफआयआर लागतोच असं नाही. फक्त गाडीचं नुकसान असेल तर बहुतेक कंपन्या तो मागत नाहीत. कोणी जखमी झालं, किंवा डुक्कर चुकवताना दुचाकीस्वाराला लागलं, तर मात्र ताबडतोब पोलीस. पाळीव जनावराचंही वेगळं आहे. माणदेशातल्या किंवा जतकडच्या रस्त्यावर मेंढरांच्या कळपात गाडी गेली, किंवा ऊसतोडीच्या दिवसांत बैलाला धडक बसली, तर ते जनावर कुणाच्या तरी मालकीचं असतं आणि मालक भरपाई मागू शकतो. ती थर्ड पार्टीच्या मालमत्ता-नुकसानीत जाते, खासगी कारला ७.५ लाखांपर्यंत. काही पॉलिसींत थोडा प्रीमियम वाचवायला ही मर्यादा ६,००० वर आणलेली असते. तुमच्या पॉलिसीवर ‘टीपीपीडी’, म्हणजे थर्ड पार्टी मालमत्ता-नुकसानीची मर्यादा, पाहून घ्या.

ज्यांना रोज रात्री कुंभार्ली, केळघर, पसरणी या घाटांतून किंवा शिराळ्याहून चांदोलीकडे जावं लागतं, त्यांनी धडकेनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा क्रम पाठ करून ठेवावा. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चारी इंडिकेटर लावा. लगेच खाली उतरू नका. जखमी डुक्कर किंवा गवा उलटून येतो, आणि डुकरं कळपानं फिरतात. आसपास शांत झाल्यावर टॉर्चनं गाडीखाली पाहा. हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी म्हणजे कूलंट, काळपट चिकट म्हणजे ऑइल. यातलं काहीही दिसलं तर चावी पुन्हा फिरवायची नाही. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते चालतं, पण रात्री टॉर्चच्या उजेडात फरक कळला नाही तर ते कूलंटच समजा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका.

नंतर फोटो: नंबर प्लेटसह पुढचा भाग, ग्रिलमध्ये अडकलेले केस, रक्त, रस्त्यावरचं ओघळ, किलोमीटरचा दगड. केस आणि रक्त हाच जनावराच्या धडकेचा सगळ्यात पक्का पुरावा. सर्व्हे होईपर्यंत गाडी धुऊ नका. देव-दर्शनाला न्यायची म्हणून गाडी धुतली आणि मग सर्व्हेअर ‘ही तर दुभाजकाची धडक’ म्हणाला, असे वाद होतात. नुकसानीची उंचीही तो जनावराशी ताडून बघतो. डुकरानं बंपर, कंडेन्सर आणि खालचं आवरण जातं. गवा उंच आणि दांडगा असतो, मोठा नर ८००-९०० किलोच्या घरात, आणि तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो. तेव्हा छताचे खांब वाकतात. दुरुस्ती विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी टोटल लॉस धरतात.

रेंज नसेल तर गाडी चालवत रेंजपर्यंत नेऊ नका. येणाऱ्या एसटीला किंवा ट्रकला हात करून पुढे निरोप द्या. टोइंगला साधी पॉलिसी कारसाठी जास्तीत जास्त १,५०० रुपये देते. कोयनानगरहून कराडपर्यंत क्रेन त्यात येत नाही, म्हणून रोडसाइड असिस्टन्सचं (रस्त्यात मदतीचं) ॲड-ऑन, म्हणजे जादा कव्हर, या भागात घ्यावंच. घेताना किती किलोमीटरपर्यंत मोफत, ते विचारा. क्रेनचे तीन-चार हजार वाचवायला गेलं की ४२ हजारांचं इंजिन जातं.

बाकी ॲड-ऑनपैकी पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झीरो डेप घ्या. तुमच्या ६८ हजारांवर ते असतं, तर ४७ ऐवजी ६४ हजार मिळाले असते, आणि बरोबर कन्झ्युमेबल्स (कूलंट, ऑइल, क्लिपा यांचं कव्हर) असतं तर ६७. वर्षात किती झीरो डेप क्लेम चालतात ते विचारा, अनेक ठिकाणी दोनच. इंजिन प्रोटेक्ट नावावर जाऊन घेऊ नका: बऱ्याच पॉलिसींत ते पाणी शिरणं आणि ऑइल गळणं एवढ्यापुरतंच असतं, कूलंट गळून तापलेलं इंजिन त्यात येईलच असं नाही. शब्द वाचून घ्या. आणि जनावरांच्या भीतीनं पुढे लोखंडी बुलबार बसवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयानं अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धडक नीट पोचत नाही, आणि क्लेमच्या वेळी ‘गाडीत अनधिकृत बदल’ हा मुद्दा निघतो.

या आठवड्यात कंपनीला ईमेल करा. मजकूर असा चालेल: “दि. … रोजी रात्री १०.३० वा. कोयनानगर-पाटण रस्त्यावर रानडुकराच्या धडकेनं गाडी क्र. … चं नुकसान झालं. क्लेम क्र. … . पुढच्या भागाचं एस्टिमेट आणि इंजिनमधील धडकेनं तुटलेल्या भागांची स्वतंत्र यादी सोबत आहे. एजंटनं क्लेम होत नाही असं सांगितल्यानं पाच दिवस उशीर झाला. वन विभागाला दिलेल्या अर्जाची पोच जोडली आहे. जो भाग नाकारायचा असेल तो पॉलिसीच्या अटीच्या क्रमांकासह लेखी कळवावा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत द्यावी.” शेवटचं वाक्य गाळू नका. फोनवरचा नकार कुठेच चालत नाही.

क्लेमचं नुकसान ५० हजारांच्या वर आहे, त्यामुळे परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल सक्तीचा आहे. ६८ हजारांपैकी काही विनाकारण कापलं, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. सातारा आणि सांगली जिल्हे त्यांच्याकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.